पायाकडचे दोन जेट

हट्ट्याच्या तातेरावांच्या न्हाणीघरात २००७ च्या मार्चमध्ये जो टब बसवला, तो हैदराबादच्या एका हॉटेलातून उतरवलेला होता. तातेरावांचा मुलगा शिवशंकर तिकडे हॉटेलांच्या बांधकामाची कामं घेतो. एका हॉटेलाने जुन्या खोल्या मोडल्या, तेव्हा त्याने हा टब टेंपोत घालून गावी पाठवला. साडेपाच फूट लांब, पांढरा, आतून पाण्याची धार सोडणारे दहा जेट: पाठीशी चार, दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि पायांकडे दोन. पंप उशाच्या बाजूला, खाली दडवलेला. भिंतीवर चार बटणांचं पॅनल. माहितीपुस्तक कुठेतरी हरवलं होतं. टबाबरोबर आलेल्या मिस्त्रीने एका दिवसात पाइप जोडले, पाणी भरलं, बटण दाबलं. पाणी उकळल्यासारखं हललं, तसं "हो गया" म्हणून तो त्याच टेंपोने परत गेला.

टब हौसेसाठी आणलेला नव्हता. जानेवारीत कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या चारीच्या पुलावर मोटरसायकल घसरून तातेरावांचा डावा घोटा मोडला होता. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण घोटा लाकडासारखा ताठ राहिला. वसमतहून फिजिओथेरपिस्ट साधना मॅडम येऊ लागल्या. त्यांनी २६ मार्चला तातेरावांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, डाव्या पायाचा अंगठा भिंतीला टेकवला आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगितलं. गुडघा लागला नाही.

"अंगठा भिंतीपासून चार बोटं मागे ठेवून गुडघा लागला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "आज शून्य बोटं आहेत."

त्यांचा उपाय सरळ होता. रोज पंधरा मिनिटं गरम, वाहत्या पाण्याची धार घोट्यावर, आणि धारेतच पाय वर-खाली हलवायचा. मुदत सहा आठवडे, म्हणजे ७ मेपर्यंत. त्यानंतर जो ताठपणा उरेल तो बहुतेक कायमचा.

"मंग क्लचचं काय?" तातेरावांनी विचारलं.

तातेरावांचं वय बासष्ट. तीस वर्षं त्यांनी स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः चालवला होता. ड्रायव्हर कधी ठेवला नाही, पोरालाही स्टिअरिंग दिलं नाही. डावा पाय क्लचवर दाबता आला नाही, तर जूनची पेरणी ट्रॉलीत बसून बघावी लागणार होती.

"क्लच चार बोटांवर अवलंबून आहे," मॅडम म्हणाल्या आणि वहीत शून्य लिहून निघाल्या.

अडचण दुसऱ्याच दिवशी लक्षात आली. पाठीकडचे चार जेट असे सुटायचे की, तातेराव पुढे सरकायचे. बाजूचे बरे होते. पायाकडच्या दोघांतून मात्र पातेल्यात भात शिजताना येतात तेवढे बुडबुडे यायचे.

उलटं बसून पाय उशाकडे करणं हा सगळ्यांना पहिल्यांदा सुचलेला उपाय होता. पण टबाची एकच बाजू पाठ टेकायला उतरती होती, दुसऱ्या बाजूला नळ पाठीत रुतायचा. शिवाय उलटं बसलं की पाय दक्षिणेला जात होते.

"जित्या माणसाचे पाय दक्षिणेला करायचे न्हाईत," गोजरबाईंनी नवऱ्याला सांगितलं. "घोटा ऱ्हाऊ द्या, मला तुमी पाह्यजेत."

तातेरावांचा उपाय वेगळा होता. त्यांना पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवायची होती. त्यासाठी गोजरबाईंनी बुद्धभूषण खिल्लारेला निरोप धाडला. बुद्धभूषण वसमत भागात केळीच्या आणि हळदीच्या शेतांत ठिबक सिंचन बसवायचा. कोणत्या ओळीला किती वेळ पाणी जाईल ते ठरवणारे टायमर लावणारी त्या भागात जी चार-पाच माणसं होती, त्यांतला तो एक. तो आला तेव्हा मोटरसायकलवर मागे त्याचे वडील होते.

जळबा खिल्लारे हे सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. चारीची दारं उघडायची, मिटायची आणि ज्याची त्याची पाळी त्याला द्यायची, हे काम त्यांनी पंधरा वर्षं केलं आणि २००४ साली निवृत्त झाले. तातेरावांचं शेत त्याच चारीच्या तोंडाशी. चारी सव्वातीन किलोमीटर लांब. पाणी शेवटच्या शेतापासून द्यायला सुरुवात करायची आणि वर वर येत तोंडाशी संपवायचं, असा नियम. म्हणजे तातेरावांची पाळी सगळ्यांत शेवटी, पाणी मात्र त्यांच्या बांधाला घासून आधी पुढे जायचं. अठ्ठ्याण्णवच्या रब्बीत तातेरावांनी भर दुपारी पाळी नसताना आपलं दार उघडलं आणि जळबांनी दहा माणसांसमोर ते मिटलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. या घरात जळबा ओसरीच्या आत त्या दिवशी पहिल्यांदा आले.

"ह्याला काहून आणलं?" तातेरावांनी बुद्धभूषणला विचारलं.

"घरी बसून माझ्या आईला तकलीफ देऊन राह्यले, काका. म्हणून आणलं."

"इथं मला द्यायला?"

"तुमाला सवय हाय, म्हणलं," जळबा म्हणाले आणि बादली पालथी घालून टबाजवळ बसले.

गोजरबाईंना हसू आलं. त्या चहा टाकायला आत गेल्या.

बुद्धभूषणने खालची झाकणं काढली. पंपापासून एकच पाइप निघत होता. त्याला आधी पाठीचा फाटा, मग बाजूंचा, सगळ्यांत शेवटी पायांचा. प्रत्येक फाट्यावर विजेवर चालणारा एक व्हॉल्व्ह. बटण दाबलं की तिन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडायचे. त्याने पाठीच्या जेटची तोंडं फिरवून अर्धी मिटली. पायाकडे थोडा फरक पडला असं त्याला वाटलं.

"फरक हाय का बघा, बाबा."

"वाटतंय म्हणून चालत न्हाई. दाखव." जळबांनी आत हाक दिली, "वहिनी, चिमूटभर हळद द्या."

गोजरबाई वाटीत हळद घेऊन आल्या. जळबांनी एक चिमूट पाठीच्या जेटसमोर सोडली. ती दिसायच्या आत नाहीशी झाली. दुसरी चिमूट पायाकडच्या जेटसमोर सोडली. ती तिथेच राहिली, जराशी पसरली आणि हळूहळू खाली बसायला लागली. पिवळा ढग पायापाशी हललासुद्धा नाही.

"अवो, टब पिवळा व्हईल की माझा!" गोजरबाई म्हणाल्या.

"तातेरावांची हळद लागून राहिली समजा," जळबा म्हणाले.

"ह्या वयात?" तातेराव म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण नऊ वर्षांनी या माणसाशी सरळ बोललो. त्यांनी तोंड बुद्धभूषणकडे फिरवलं. "म्हणूनच म्हणून राहिलो, पाच एचपी बसव."

"पाइप फुटतील, काका. अन् नाही फुटले तर पाठीचं पाणी छताला जाईल, पायाचं एवढंच राहील."

"मंग?"

बुद्धभूषणने वडिलांकडे पाहिलं. जळबा पाइपाकडे बघत होते.

"एकाच टायमाला सगळ्यांना द्यायला गेलं की तोंडावरचाच पितो," ते म्हणाले. "पाळी लाव. आधी पाय. त्याचं झालं की बाजू. पाठ सगळ्यांच्या मागून."

"चारी अन् टब एकच झाला का रे?" तातेरावांनी विचारलं. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही.

"पाण्याला काय म्हाईत, ते कुठं हाय."

पॅनलवर दोन ओळींचा छोटा पडदा होता. त्यावर इंग्रजीत तुटक अक्षरं यायची. बुद्धभूषणला ठिबकच्या टायमरची सवय होती. बटणं दाबत दाबत अर्ध्या तासात त्याला पाळ्या लावायची जागा सापडली. पहिला पायाचा व्हॉल्व्ह, पंधरा मिनिटं. मग बाजू, पाच. मग पाठ, पाच. चाचणीसाठी त्याने प्रत्येकाला एकेक मिनिट दिलं आणि बटण दाबलं. पायाकडचे दोन जेट सुटले. जळबांनी हळद टाकली, ती टिकली नाही. गोजरबाई हरखल्या. मिनिट संपलं, खटका वाजला आणि पंप बंद पडला.

पुन्हा लावलं. पुन्हा पहिल्या मिनिटाला पंप बंद. तिसऱ्यांदाही तसंच.

"मोटर गेली," तातेराव म्हणाले. "लाव आता पाळ्या."

"गप बसा," गोजरबाई म्हणाल्या.

चौथ्या वेळी जळबांनी पाइपाला कान लावला. मिनिट संपलं. त्यांनी हात वर केला.

"बुद्धू, आवाज बदलून राहिला बघ. आधी हे मिटतं, अन् मंग थांबून दुसरं उघडतं. मधल्या टायमाला पाण्यानं जायचं कुठं?" ते उठून उभे राहिले. "पुढच्याचं दार उघडल्याबिगर आधीच्याचं मिटायचं न्हाई. न्हाईतर चारी फुटते. हे मशीन हुशार हाय, फुटायच्या आधी बंद पडून राहिलं."

तेच होतं. एक व्हॉल्व्ह मिटल्यावर तीन सेकंदांनी दुसरा उघडायचा, असं आधी कुणीतरी लावून ठेवलं होतं. हॉटेलात तिन्ही एकदम चालायचे, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नसावं. बुद्धभूषणने क्रम उलटा केला. आता पुढचा उघडल्यावर पाच सेकंदांनी आधीचा मिटणार होता. पाचव्या वेळी खटका वाजला, पाण्याचा आवाज पातळ होता तो जाड झाला, पंप चालत राहिला. पाय, बाजू, पाठ अशा तिन्ही पाळ्या न थांबता पार पडल्या.

जाण्याआधी जळबांनी दोन गोष्टी विचारल्या. लाइट कधी असते? दुपारी बारा ते अडीच, असं गोजरबाईंनी सांगितलं. पाणी कशावर तापवता? मागच्या अंगणातल्या चुलीवर.

"मंग दीडला बसा, लाइट जायच्या आत तिन्ही पाळ्या व्हतील," जळबा तातेरावांना म्हणाले. "टबातलं पाणी निवत जातं. पहिल्या पाळीला सगळ्यांत गरम मिळतं, ते पायाला मिळू द्या."

बुद्धभूषण हत्यारं गोळा करत असताना तातेरावांनी त्याला जवळ बोलावलं. "हे पाळीचं बटण कोणतं, मला दाखवून ठेव. उगं तुला तकलीफ नको." बुद्धभूषणने दाखवलं.

पहिला आठवडा चांगला गेला. साधना मॅडमनी ४ एप्रिलला मोजलं. अंगठा आणि भिंत यांच्यामध्ये त्यांनी स्वतःची बोटं आडवी धरली. दीड बोट. त्यांनी वहीत दीड लिहून त्याखाली रेघ ओढली. तातेरावांनी हैदराबादला फोन लावून शिवशंकरला सांगितलं की टब बराबर चालून राहिला.

११ एप्रिललाही दीडच भरलं. १८ एप्रिललाही दीड.

"रोज करता ना?" मॅडमनी विचारलं.

"एक दिवस चुकला न्हाई."

"पंधरा मिनिटं?"

"पंचवीस."

मॅडमना उलगडा झाला नाही. तीन आठवडे उलटून गेले, आता तीनही पुरते उरले नाहीत, एवढं त्यांनी सांगितलं. त्या रात्री तातेराव जेवले नाहीत. उलगडा गोजरबाईंना झाला, तोही स्वयंपाकघरात बसून. न्हाणीघराची भिंत स्वयंपाकघराला लागून होती. पहिल्या आठवड्यात बटण दाबलं की आधी पातळ आवाज यायचा आणि शेवटी जाड. आता आधीच जाड यायचा, बराच वेळ चालायचा, मग मधला यायचा, आणि पातळ यायच्या आत लाइट जायची.

त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही. बुद्धभूषणला फोन लावला आणि सांगितलं, "तुझ्या बाबाला घेऊन ये."

१९ एप्रिलला दुपारी दोघं आले. तातेराव नुकते झोपून उठले होते. दोन वाजून गेले होते.

"चालू करा," जळबा म्हणाले.

दोन वाजून दहा मिनिटांनी तातेराव टबात बसले आणि बटण दाबलं. पाठीकडचे चार जेट सुटले. बुद्धभूषण पॅनलकडे गेला. क्रम बदललेला होता. आधी पाठ, पंधरा मिनिटं. मग बाजू, पाच. शेवटी पाय. पाण्यात पाठ टेकून तातेराव समोरच्या नळाकडे बघत राहिले. वीस मिनिटांनी अडीच वाजले, बाजूचे जेट मिटायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. पाणी शांत झालं. पायाच्या पाळीला वीजही नव्हती आणि पाण्यात ऊबही नव्हती.

जळबांनी पाण्यात हात घालून पाहिला.

"पाठ दुखून राहिली का तुमची?"

"न्हाई."

"मंग तिला काहून?"

"बरं वाटतं रे."

"वाटणारच की."

"लई बरं वाटतं," तातेराव म्हणाले. "दिवसभर पडून ऱ्हातो. पाणी पाठीवर बसलं की मोकळं वाटतं. म्हणलं, पायाला शेवटी मिळतंच हाय. मिळतच नव्हतं, हे मला कळलं न्हाई."

"तुमाला कसं कळंल? तुमी उशाकडं बसून ऱ्हायले."

गोजरबाई दारात उभ्या होत्या. "वाट बघून बघून पाण्याचा आवाज मला पाठ झाला," त्या म्हणाल्या. "अन् तुमाला तुमचा पाय कळंना?"

तातेरावांनी पाण्यातच डावा पाय हलवून पाहिला. तो तिथल्या तिथेच राहिला. बासष्ट वर्षांचा, वीस एकरांचा मालक थंड होत चाललेल्या पाण्यात उघडा बसला होता. त्यांनी हात पुढे केला. जळबांनी तो धरला. बुद्धभूषणने दुसरीकडून आधार दिला. तातेराव बाहेर आले, टॉवेल गुंडाळला आणि लंगडत पॅनलपाशी गेले.

"लाइट न्हाई, काका. आता लागणार नाही."

"उद्या बाराला ये. पाठीची पाळी काढून टाक. सगळा टाइम पायाला."

"सगळा नको," जळबा म्हणाले. "पाठीला शेवटी तीन मिनिटं ठेव. इतके दिवस दिलं अन् एकदम तोडलं तर माणूस पुन्हा बटणाला हात लावतो. मी पंधरा वर्षं बघितलं ते."

तातेरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "माझ्यावरून शिकला का तू हे?"

"तुमच्यावरून लई शिकलो."

तातेराव पोट हलेपर्यंत हसले. गोजरबाईंनी तिघांना जेवायला वाढलं. वांग्याची भाजी होती. तातेरावांनी दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून टब एक वाजता भरू लागला. पहिली वीस मिनिटं पायाची. जळबा आठवड्यातून तीनदा येऊन बसायचे. बुद्धभूषणला काम असलं की एसटीने यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की नुसता पाय धारेत धरून बसू नका, मॅडमनी सांगितलं तसा हलवा. तातेराव हलवायचे आणि दुखलं की शिव्या द्यायचे. जळबा आकडे मोजायचे. एकदा पंचाहत्तरनंतर ते एकदम ऐंशीवर गेले, तर तातेरावांनी मधले चार परत मोजायला लावले.

२५ एप्रिलला दोन बोटं भरली. २ मेला तीन.

७ मेला सोमवार होता. साधना मॅडम सकाळी दहाला आल्या. जळबा त्याआधीच येऊन बसले होते. तातेराव भिंतीसमोर उभे राहिले. मॅडमनी अंगठ्याच्या पुढे चार बोटं आडवी लावली, पाय तेवढा मागे घेतला आणि टाचेखाली कागद सरकवला, टाच उचलली तर तो निघून येईल असा. तातेरावांनी गुडघा पुढे नेला. अर्ध्यावर थांबले, दात आवळले, पुन्हा नेला. गुडघा भिंतीला टेकला. मॅडमनी कागद ओढून पाहिला. निघाला नाही.

"चार," त्या म्हणाल्या. "क्लच दाबता येईल. सुरुवातीला जपून."

गोजरबाईंनी पदर डोळ्याला लावला. तातेराव गुडघा टेकवून तसेच उभे राहिले. त्यांची नजर मॅडमच्या बोटांवर गेली. बोटं बारीक होती, शहरातल्या माणसाची.

"जळबा, इकडं ये. तुझा हात लाव बरं."

जळबांनी मॅडमच्या जागी आपली बोटं आडवी धरली. पंधरा वर्षं लोखंडी दारांची चाकं फिरवलेली ती बोटं जाड होती. त्यांची तीनच बसली, चौथं भिंतीत घुसायला लागलं.

"तीन," जळबा म्हणाले.

"असं मोजत नसतात, काका," साधना मॅडम हसून तातेरावांना म्हणाल्या. "माझ्या हाताने सुरू केलं, माझ्याच हाताने चार धरायचे. तुम्ही बरे झालात."

"तुमच्या वहीत चार लिहा, मॅडम. ते बराबर हाय. पण ट्रॅक्टर काय वहीवर चालत न्हाई." तातेराव भिंतीपासून मागे झाले आणि डाव्या पायावर पूर्ण भार देऊन उभे राहिले. "अजून किती दिवस केलं तर चालंल?"

"दोन-तीन आठवडे करा. फायदाच होईल."

"मिरगाच्या पेरणीला अजून महिना हाय," तातेराव म्हणाले. "ह्याच्या बोटांनी चार होऊ दे. मंग बंद करू."

"पाठीची तीन मिनिटं?" जळबांनी विचारलं.

"ती ऱ्हाऊ दे," तातेराव म्हणाले, आणि पाणी तापवायला ठेवायला स्वतःच मागच्या अंगणाकडे चालत गेले.